लोडावरचा नेमबाज

मला सांगा, माणसानं विश्वास ठेवावा कुणावर, स्वतःच्या हातावर की डोळ्यावर? मी दोन्हींवर ठेवला, आणि भर शेतात पालथा पडलो. ऐका तर.

लढाई नुकतीच संपली होती. सांगलीच्या माझ्या दुकानात विकायला ठेवलेली छऱ्याची एक बंदूक दोन वर्षं खुंटीला लटकत होती. गिऱ्हाईक आलं की मी गादीवर बसून नळी लोडावर टेकवायचो आणि समोरचा डबा टणकन वाजवायचो. एक छर्रा वाया जात नसे. मला वाटे, ही माझ्या हाताची करामत!

एकदा साताऱ्याकडचे एक हवालदार आले, पलटणीतून सुटून घरी निघालेले. म्हणाले, "शेठ, लोडावर ठिवून कुणीबी मारंल. आमच्या शेतात येऊन उभ्यानं मारा. धा छऱ्यांत एक लागला तरी बंदूक इकत घेतो."

"एक? दहाच्या दहा लावतो."

झालं. मिरजेहून गाडी धरली. बांधावर तीन डबे मांडलेले, शेजारी हवालदारांची म्हातारी आई.

दिवसभर तराजू धरणारा हात माझा, हलेल कशाला? पण उभं राहिल्यावर नळी अशी डुलायला लागली की पाच छर्रे कुठं गेले ते देवाला ठाऊक.

म्हातारी म्हणाली, "कोंबड्या डब्यांपाशीच सोडते बाई. तितंच धोका न्हाई."

"गुडघा टेका, शेठ," हवालदार म्हणाले. धोतर सावरत टेकला. तीन छर्रे बांधाच्या मातीत. सुधारणाच म्हणायची.

"आता पालथं पडा. त्यात नळी हालतच न्हाई."

हालत नाही ती पलटणीतल्यांची नळी. माझं पोट त्यांच्याकडं कुठलं? त्या पोटावर मी होडीसारखा झुलत होतो. श्वास घेतला की नळी जमिनीत, सोडला की आभाळात. नववाही गेला.

हवालदार शेजारी आडवे झाले. "दम धरा. हळू दाबा."

दम धरला, डोळे मिटले, दाबलं. टण्ण!

"लागला की! शब्द म्हंजी शब्द, बंदूक माजी." त्यांनी मला हाताला धरून उठवलं. म्हातारीनं पिठलं-भाकरी वाढली, वर म्हणाली, "खावा लेकरा, लय दमलासा."

ही गोष्ट पुढं कुणाला सांगाल तर हिशेब तेवढा प्रामाणिक ठेवा. दहात एक लागला, हे खरं. पण मी नेम धरला होता डावीकडच्या डब्यावर. वाजला तो उजवीकडचा.