आधी फलक, मग पाणी

आमच्या संस्थेच्या सरांना संगणकाच्या पडद्यावर काहीही हललं की ते शिक्षण वाटतं. परिच्छेदाची वाक्यं सुटी करायची, मुलांनी ती बोटाने ओढून क्रमाने लावायची. चुकलं की लाल, बरोबर आलं की हिरवं आणि वर फटाके. याला ते 'इंटरॅक्टिव्ह' म्हणायचे आणि म्हणताना डोळे मिटायचे, जणू आरती चाललीय. कोपरखैरण्यात दहावीला राहिलेल्या मुलांचा आमचा वर्ग ज्या हॉलमध्ये भरायचा, तो गळायचा. त्यावर काही इंटरॅक्टिव्ह नव्हतं.

माझा हात मोर्च्यांची पत्रकं लिहून तयार झालेला. तरी सरांनी मला या कामाला बसवलं. "तुझं मराठी चांगलं आहे. वाक्यं टाक."

वाक्यं टाकणं म्हणजे एका चौकटीत एक वाक्य टाइप करणं. आपण ज्या क्रमाने टाकू तोच क्रम सॉफ्टवेअर बरोबर धरतं आणि वाक्यं मुलांपुढे पत्त्यांसारखी पिसून ठेवतं. अक्कल लागत नाही. गोष्टही सरांनीच लिहून दिली होती, बेलापूरच्या एसीत बसून. वस्तीत पाणी येत नव्हतं. रहिवाशांनी अर्ज दिला. नवी पाइपलाइन टाकली. नळाला पाणी आलं. रहिवाशांनी पुढाऱ्याचे आभार मानणारा फलक लावला.

झालं! अर्ज दिला आणि पाणी आलं. मोर्चा नाही, हेलपाटे नाहीत, साहेब मीटिंगमध्ये नाहीत. मी पत्रकात असलं लिहिलं असतं तर लोकांनी त्यात भजी बांधून नेली असती.

पण याच चाचणीवर दहावीच्या फेरपरीक्षेला बसवायच्या बॅचची निवड होती आणि जागा मोजक्या होत्या. त्यातली एक वर्गातल्या एका मुलीला हवीच होती. गाव साताऱ्याकडचं, वडील मार्केटात माथाडी. घरी ठरलेलं होतं: बॅच मिळाली तर परीक्षा, नाहीतर तुर्भ्याला पॅकिंगला.

तिने आभाराचा फलक अर्जाच्या लगेच खाली लावला. पाइप आणि पाणी त्याच्यानंतर. लाल. शेजारच्याचंही तेच, मागच्या बाकाचंही तेच. अख्खा वर्ग लाल.

सर हसले. "आधी काम, मग आभार. एवढं साधं कळत नाही यांना."

"सर, आमच्या गल्लीत फलक लागला," ती म्हणाली. "पाइप अजून नाय आला."

"तुमच्या गल्लीचं विचारलेलं नाही, बाळा."

मागून एकजण ओरडला, "आमचा तर फाटला पण! आता नवीन लावणार बोलले."

खरंच आहे ते. फलकावर हात जोडलेला पुढारी असतो आणि खाली 'समस्त रहिवासी'. आपण आभार मानलेत हे रहिवाशांना फलक लागल्यावरच कळतं. ही पोरं रोज त्याच्याखालून हंडे घेऊन जातात. आणि क्रम चुकला यांचा!

सॉफ्टवेअरमध्ये दुसराही क्रम बरोबर धरायची सोय होती. मी ती वापरली. सरांनी घरून लॉगिन करून ती काढून टाकली. "एका प्रश्नाची दोन उत्तरं दिसली की रिपोर्ट वाईट दिसतो गं."

मग मी पत्रक लिहिलं. 'खोटा क्रम मागे घ्या!' आधी त्या मुलीला दाखवलं. तिने ते सगळं वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

"ताई, भारी लिहिलंय. पण नंतर वाटा ना. सर आज परत एक चान्स देतायत. हे बघितलं तर तो पण जाईल."

मला राग आला. तो गिळावा लागला, कारण पॅकिंगला मी जाणार नव्हते.

ती बसली. फलक ओढत ओढत अगदी तळाला नेला. हिरवं. फटाके. "असं कधीच होत नाय," ती माझ्याकडे बघून पुटपुटली.

सरांनी तिचं नाव तिथल्या तिथे बॅचमध्ये चढवलं आणि खिशातून मोबाइल काढला. "चल, दोन शब्द बोल. या बॅचमुळे तुझ्यात काय बदल झाला. आणि संस्थेचे आभार."

"सर, बॅच सोमवारपासून आहे ना?"

"हो गं. पण नंतर गडबड असते. आत्ताच घेऊन ठेवू."

मी तोंड उघडणार होते. त्याआधी ती बोलली.

"नको सर. आधी काम, मग आभार. तुमीच हिरवं दिलंत ना आता?"

वर्ग खदखदला. सर मोबाइल तसाच धरून उभे. रेकॉर्डिंग चालू होतं.

सोमवारी ती पहिल्या बाकावर बसली, हजेरीत तिचं नाव पुकारलं गेलं. तोवर मी थांबले. मग पिशवीतून पत्रकं काढली आणि पहिलं सरांच्या हातात दिलं.