चालू पंप

हातपंप दुरुस्त झाला की पहिली ओंजळ तो स्वतः प्यायचा. गंजाचं, वर ग्रीस तरंगणारं पाणी. "आधी माझ्या घशाखाली जाऊ द्या," म्हणायचा. पाड्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. "मिस्तरी, आमच्यासाठी ठेव थोडं."

नव्वदच्या दशकात नाशिकच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका तालुक्याच्या कचेरीत मी कारकून होतो आणि तो हातपंपाचा मेकॅनिक. माणूस दिंडोरीकडचा. त्याच्या गावात द्राक्षांना पाणी होतं, इथे माणसांना नव्हतं, पण त्यावर तो कधी बोलला नाही. बोलायचा ते पंपातल्या वायसरबद्दल. एकदा सुरू झाला की माझा चहा गार व्हायचा.

एका एप्रिलमध्ये त्याने टोकाच्या पाड्यावरचा पंप दुरुस्त केला आणि अहवालात लिहिलं, 'चालू'. झालं. तुम्हाला सरकारी कचेऱ्यांचा अनुभव असेलच. पंप चालू असलेल्या ठिकाणी टँकर द्यायचा नाही, असा नियम. पाड्याचा टँकर दुसऱ्या दिवशी बंद झाला. आठवड्याभरात जमिनीतलं पाणी खाली गेलं आणि पंप नुसती हवा ओढू लागला. बाया दरीतल्या डबक्यावर उतरू लागल्या. पोरांना हगवण लागली. दोघं दवाखान्यात, त्यातलं एक परत आलं नाही.

तो साहेबांपुढे उभा राहिला. मी शेजारीच होतो.

"साहेब, खाली पाणीच नाय."

"पंपात बिघाड आहे का?"

"बिघाड नाय."

"मग पंप चालूच आहे की."

"माझ्याच हातानं लिवलंय, खोडू द्या."

"भूजलवाले येऊन तपासतील, मग बघू."

ते कधी येणार, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांनी पुढची फाइल ओढली. मी माझ्या रजिस्टरात नोंदी करू लागलो.

दोन दिवसांनी त्याचा नवा अहवाल आला. 'पंपाचा दांडा नाही. पंप बंद.' टँकर लगेच सुरू झाला. साहेबांना संशय आला आणि त्यांनी मला चौकशीला पाठवलं. पाड्यावरच्या बायांनी तोंड उघडलं नाही. उघडलं ते त्यानेच.

"दांडा खाटेखाली हाय, भाऊसाहेब."

पोत्यात गुंडाळलेला, वर तेलाचा हात फिरवलेला.

"अरे, दरीत टाकायचास ना!" मी ओरडलो.

"चांगली वस्तू टाकवली नाय. पाऊस पडला की बसवणारच होतो."

असल्या माणसाला काय म्हणावं? मी गप्प बसू शकलो असतो. सापडला नाही, एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण मला बढती हवी होती. मी पंचनामा केला. सरकारी मालमत्तेची चोरी. त्याची नोकरी गेली.

दांडा पुरावा म्हणून आमच्या कोठारात कुलपात पडला. केस निकाली निघेना, त्यामुळे दांडा सुटेना. कागदावर पंप बंदच राहिला आणि पुढे दर उन्हाळ्यात पाड्यावर टँकर येत राहिला. त्या पाड्यावर पुन्हा पोर दगावलं नाही.

तो अंबडला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता म्हणे. मी दर शनिवारी नाशिकला घरी यायचो. तिथून अंबड ते कितीसं लांब. टँकर येतोय, एवढंच त्याला सांगायचं होतं. तो वारल्याचं कळलं, तोवर मी एकदाही गेलो नव्हतो. कोणत्या तोंडाने जाणार होतो? पंचनाम्याखाली सही माझी होती.