नीलमचा कुलूपबंद मेल

नीलम माझी धाकटी बहीण, आमी येळ्ळूरच्या. बेळगावात पाणी तपासायच्या एका खाजगी लॅबमध्ये ती नऊ वर्षं कामाला हुती. तोंडानं गरीब, पण खोटं तिला पचत न्हाय. त्यातनंच सगळं झालं.

गेल्या साली एका गावच्या टाकीच्या पाण्यात घाण निघाली. नीलमनं रजिस्टरात कन्नडमधनं तसं लिवलं, आणि सायबानं वर पाठवायच्या कागदावर पाणी चांगलं म्हणून सही ठोकली. गावातली पोरं तेच पाणी पीत हुती. हिनं ते बाहेर काढायचं ठरवलं.

अनगोळचे शरच्चंद्र सर मराठी पेपरात बातमीदार. गुप्त मेल हिला त्यांनीच शिकवला. म्हणाले, तू कुलूप घालून पाठव, किल्ली फकस्त माझ्याकडं; वाटेत कुणी फोडलं तरी नुसती अक्षरांची खिचडी दिसंल. हिनं आठ दिवस शिकून रजिस्टरच्या पानाचा फोटो घरनं पाठवला. पानावरचं अक्षर हिचंच, पण दुसरं कुणी बघणार न्हाय असा सरांनी शब्द दिलता.

सरांनी कुलूप काढलं आणि अडकले. कन्नड बोलत्यात झकास, वाचायचं म्हटलं की बोंब. आमच्याकडची निम्मी माणसं तशीच. मग काय केलं भल्या माणसानं? तो उघडा फोटो साध्या मेलनं महादेवला पाठवला, पेपराची भाषांतरं करतो त्याला. हा महादेव लॅबच्या सायबाचा सख्खा मेव्हणा, आणि सरांना ते ठाऊक हुतं. घाईत ध्यानात आलं न्हाय म्हणे! अहो, एका बाईचं पोट तुमच्या हातात हुतं, ते बी ध्यानात आलं न्हाय?

तिसऱ्या दिवशी सायबानं तोच फोटो हिच्यापुढं टाकला. नोकरी गेली, वर कागद चोरल्याची तक्रार. संपादकांनी बातमी दाबली आणि सर गप बसले. केसानं गळा कापला माझ्या बहिणीचा.

गेल्या महिन्यात सरांचा मेल आला, कुलूप घातलेला. चूक झाली, माफ कर, पण हे कुणाला दाखवू नकोस, असं लिवलतं. नीलमनं माझ्यापुढंच त्यांना फोन लावला.

"सर, माझं नाव सगळ्यांस्नी कळलंय," ती म्हणाली. "आता तुमचं कळू दे. ही माफी पेपरात छापा, आणि शेजारी त्या पाण्याची बातमी."

संपादकांना विचारून सांगतो म्हणाले. पंधरा दिवस झाले. ते गाव आजबी तेच पाणी पितंय.