भिंगरीची खुर्ची

माझी वहिनी पहिलीच्या वर्गाची बाई. वस्तू जागच्या जागी राहू देणं तिच्या स्वभावातच नाही. आमच्या घरातलं कपाट जितकं फिरलंय, तितकी मी जन्मात फिरले नाही. एकदा तिने पलंग खिडकीखाली सरकवला आणि माझा भाऊ सवयीने जुन्या जागी टेकायला गेला, तो धाडकन जमिनीवर. "अगं, निदान सांगत तरी जा!" तो कळवळला. ही कमरेवर हात ठेवून म्हणते, "उजेड बघा की किती छान येतोय."

यंदा सुट्टीत तिने वर्गच बदलायला घेतला. मलाही जुंपलं. बाकांच्या रांगा गेल्या, गोल टेबलं आली, भोवती बुटक्या खुर्च्या. बाईंचं टेबल थेट मागच्या भिंतीला. "बाई समोर उभी राहून बडबडते आणि पोरं पेंगतात. मी आपली त्यांच्यामधून फिरत बोलणार," म्हणाली. गुडघ्यांवर रांगत तिने अख्खा वर्ग पोरांच्या उंचीवरून पाहिला आणि फळा, पुस्तकांचा कप्पा, दप्तराच्या खुंट्या, सगळं खाली आणलं. शेवटी खुर्च्या हलू नयेत म्हणून त्यांच्या पायांखाली पिवळ्या टेपच्या खुणा केल्या. घरभर सामान नाचवणारीने वर्ग मात्र खिळवून ठेवला. पण दिसायचा सुरेख. दुसऱ्या शाळांच्या बाया बघायला यायच्या आणि आमच्या बाईसाहेब हवेत.

एकच पोरगी तिचा वर्ग बिघडवायची. रोज आपली खुर्ची खुणांवरून उचलायची आणि आपल्या गोल टेबलाकडे पाठ करून बसायची. वहिनी खिडकीशी गेली की खुर्ची तिकडे, दाराशी गेली की दाराकडे. वहिनीने तिचं नाव ठेवलं भिंगरी. वर्गानेही तेच उचललं. वहिनी रोज खुर्ची परत खुणेवर बसवायची आणि तिथे बसली की पोर पार मठ्ठ. वह्या काढा म्हटलं, तर ही आधी शेजारणीकडे बघणार. शेवटी वहिनीने तिच्या आईला बोलावून सांगितलं, "हिला पुढच्या वर्षी परत पहिलीतच बसवू. आणि खुर्ची फिरवायची खोड तेवढी घरी मोडा."

त्याच आठवड्यात वहिनीचा घसा बसला. बसला म्हणजे ठार. पण रजा घेईल तर शपथ! मला ओढत शाळेत नेलं. तिने ओठ हलवायचे आणि मी ते मोठ्याने सांगायचं. डोंबलाचं सांगणार! मला काही उमगेना. "काय? पाणी? पाढे?" मी विचारतेय आणि पोरं खिदळतायत. तेवढ्यात, खुर्ची वळवून बसलेली भिंगरी शांतपणे म्हणाली, "बाई म्हणतात, चित्राचं पुस्तक काढा आणि मावशींना हसू नका."

वहिनीने पुन्हा ओठ हलवले. भिंगरीने पुन्हा सांगितलं, एक शब्द चुकवला नाही. वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला. ती हळूच भिंगरीच्या पाठीमागे गेली आणि जोरात टाळी वाजवली. सगळा वर्ग दचकून वळला. भिंगरी माझ्याकडेच बघत राहिली.

मधल्या सुट्टीत वहिनी भिंतीकडे तोंड करून रडली. "अगं, तुला तरी काय माहीत?" मी म्हटलं. तिने माझा हात झटकला. माझीसुद्धा मान वर होईना.

संध्याकाळी आम्ही भिंगरीच्या घरी गेलो. आई शिवणाच्या मशीनवर होती. वहिनीच्या वतीने माफी मलाच मागावी लागली. "पोर हुशार आहे हो. तिला ऐकू कमी येतंय, ओठ बघून समजून घेते. डॉक्टरांना दाखवू. परत पहिलीत नाही बसवायचं. बाईंचंच चुकलं."

आईचा पाय मशीनवरच थांबला. "अगं बाई! हाक मारली तरी यायची नाही, आम्ही हट्टीच समजत होतो." मग तिने मान खाली घातली. "आज नाचत घरी आली. बाईंचं बोलणं मीच सगळ्यांना सांगितलं म्हणाली, खुर्ची वळवून. तेव्हा मी चांगल्या दोन ठेवून दिल्या. तुम्हीच सांगितलं होतंत ना, खोड मोडा म्हणून."

भिंगरी दाराआड उभी होती, गाल लाल. वहिनी तिच्यापुढे वाकून ओठ हलवत राहिली. पण पोर वर बघेल तर ना!

सकाळी लवकर जाऊन आम्ही टेप नखांनी खरवडून काढली. बाईंचं टेबल पुढे आणलं, सगळ्या खुर्च्यांची तोंडं तिकडे केली. जमिनीवर टेपचे चिकट डाग तेवढे राहिले.

भिंगरी आली. तिने वर्ग पाहिला, वाकून ते डाग शोधले आणि आपली खुर्ची ओढत नेऊन बरोबर त्यांच्यावर ठेवली. वहिनीच्या टेबलाकडे पाठ करून, हाताची घडी घालून बसली. वहिनीने हाक मारायला तोंड उघडलं. आवाज नव्हताच, आणि असता तरी तिला ऐकू गेला नसता.

वहिनी जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसली. भिंगरीने घाबरून आधी खाली पाहिलं, खुर्ची खुणेवर आहे ना.