शिक्का मी मारला

शिक्का मीच मारला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे सरांवर किंवा दिल्लीवर खापर फोडायचा मोह मला होणार नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी पीएच.डी. करत होते. दिल्लीच्या एका सरकारी कार्यालयाकडून संरक्षण संशोधनासाठी अनुदान मिळायचं, त्यावर आमचा प्रकल्प आणि त्यातली माझी कराराची नोकरी चालायची. आत माणूस नाही, लांबून कुणी हुकूम देत नाही, अशी ठरलेल्या रेषेत आपली आपण जाणारी छोटी बोट आम्हाला बनवायची होती. पुढे ती तोफांच्या सरावात नेम धरायचं लक्ष्य म्हणून वापरणार होते. वाऱ्याने बोट किती ढळेल आणि तिला परत रेषेवर कसं आणायचं, एवढं गणित माझ्याकडे होतं. चाचणी पवईच्या तलावात. बोट हटकून जलपर्णीत घुसायची आणि मी साडी खोचून तिला बाहेर काढायचे. तलावात मगरी आहेत असं सांगायला काठावर दहाजण, हात द्यायला एक नाही.

अनुदान पुढे चालू ठेवायचं की नाही, हे ठरवायला दिल्लीहून समिती यायची. पहिल्या समितीच्या आदल्या आठवड्यात सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, माझ्या हातात रबरी शिक्का दिला. त्यावर 'गोपनीय' असं कोरलेलं.

"बोटीचे आराखडे आहेत ना, तेवढ्याच पानांवर मार," सर म्हणाले. "समितीवर जरा वजन पडतं."

मी आराखड्यांवर मारला. मग वाटलं, माझं गणित काय आराखड्यांपेक्षा कमी आहे? त्यावरही मारला. लाल शाई, ठसठशीत अक्षरं, हाताला लय सापडली होती. शेवटी संदर्भसूचीवरही मारला. त्या यादीतली सगळी पुस्तकं कुठल्याही ग्रंथालयात उघड्यावर होती, पण माझं पान साधं राहू नये असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी फार खूश होते. समितीही खूश झाली आणि अनुदान आणखी तीन वर्षांसाठी मंजूर झालं.

त्या गणिताची चार प्रकरणं म्हणजेच माझा प्रबंध होता. तो विद्यापीठात द्यायची वेळ आली तेव्हा सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गोपनीय कागद बाहेरच्या परीक्षकाला कसा दाखवणार?"

"मग शिक्का काढू या ना, सर."

"मारायला कुणाला विचारावं लागत नाही गं. काढायला दिल्लीला विचारावं लागतं."

आम्ही विचारलं. प्रकरण विचाराधीन असल्याचं उत्तर आलं. सहा महिन्यांनी परत विचारलं, परत तेच उत्तर. दरम्यान नियमाप्रमाणे माझी चारही प्रकरणं आणि कच्च्या वह्या लोखंडी कपाटात गेल्या. वाचायच्या असतील तर रजिस्टरमध्ये सही करायची, 'कारण' या रकान्यात काहीतरी लिहायचं, त्याच खोलीत बसून वाचायचं आणि परत द्यायचं. मी 'वाचन' असं लिहायचे. माझंच अक्षर वाचायला मी सही करत होते, याचा मला इतका संताप यायचा की दोनदा पेनाचं निब मोडलं. घरी बसून आठवून लिहावं म्हटलं, तर तसं करणार नाही असं मी रुजू होतानाच लिहून दिलेलं.

घर मुलुंडला. गिरणी बंद पडल्यापासून बाबा घरीच असायचे. आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांनी कधीच जाहीर करून टाकलं होतं की मुलगी डॉक्टर होणार, सुया टोचणारी नव्हे, मोठ्या पुस्तकाची. रोज संध्याकाळी मी चपला काढेपर्यंत प्रश्न यायचा, "पुस्तक कधी होतला गो तुजा?"

"होईल, बाबा."

"कसल्यावर लिवतंस ता तरी सांग."

तेही सांगता येत नव्हतं. बाबा मालवणचे, लहानपणी शिडाच्या होडीवर राबलेले. वारा होडीला कसा ढकलतो हे आमच्या सगळ्या कॉलेजात त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. माझी चार प्रकरणं त्यांना सोप्या शब्दांत सांगितली असती, तर त्यांनी मला दहा चुका काढून दाखवल्या असत्या. मी मात्र जेवणाच्या ताटावर पाण्याचा विषय निघाला तरी गप्प बसायचे.

अशी पाच वर्षं गेली. मग घाटकोपरच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी चालून आली. पीएच.डी. नसली तरी चालेल म्हणाले. मी राजीनामा लिहून सरांकडे नेला.

सरांनी तो शांतपणे वाचला. "जा तू. मी अडवणार नाही. पण इथून गेलीस की रजिस्टरवर सही करता येणार नाही. उद्या शिक्का निघाला तरी तू बाहेरची."

मी म्हटलं, एकदा शेवटचं वाचून घेते. 'वाचन' लिहिलं आणि बसले. तिसऱ्या प्रकरणात आडव्या वाऱ्याचं एक समीकरण होतं. ते अजून छोटं करता येईल, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं. पेन्सिल हातात होती. समासात दोन ओळी लिहिल्या, मग तिसरी, आणि मग मला कळून चुकलं की मी कुठेही जाणार नाही. या कपाटाबाहेर मला जगात कुठेच काही लिहिता येणार नव्हतं. राजीनामा मी फाडला. सरांनी पुढच्या तीन वर्षांचा करार काढला आणि मी त्यावर सही केली.

घरी पोचले तर बाबा दारातच.

"काय झाला?"

"मुदत वाढली, बाबा. आणखी तीन वर्षं."

त्यांचा चेहरा उजळला. "बरा झाला गो! सरकार तुका सोडूक तयार नाय, म्हणजे बघ," असं म्हणत ते शेजारी सांगायला निघाले. मी त्यांना अडवलं नाही.