वैनगंगेपलीकडचा चौथा डाव

हसनचाचा नसते तर मी बी.ए. झालो नसतो आणि वैनगंगा ओलांडून बुद्धिबळाच्या सामन्यालाही गेलो नसतो. सिंदेवाहीत त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. आमच्या घरी कंदील एकच, तोही चुलीपाशी. म्हणून मॅट्रिकचा सगळा अभ्यास मी चाचांच्या दुकानात केला. अभ्यास संपला की ते पट मांडत. खरा सामना मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. पुढे मी चांद्याला मास्तर झालो. तिथल्या क्लबाच्या चौघांच्या संघात मला चौथा पट मिळाला तेव्हा मी त्यांना शब्द दिला, गडचिरोलीला जिंकलो की पुढचा सामना नागपूरला, आणि तिथे तुम्हाला नेणार. त्यांनी लगेच स्वतःसाठी कोट बेतायला घेतला.

कार्तिकात आम्ही चौघे निघालो. मोटार मूल, सावली करत वैनगंगेपर्यंत आली आणि थांबली, कारण पुढे नदी होती. पलीकडे डोंग्यातून (एकाच खोडाची कोरलेली होडी) जायचं होतं. आमचे कप्तान नानाजी वकील मोहऱ्यांची पेटी डोक्यावर धरून उभे राहिले.

"बसा ना सायेब," नावाडी म्हणाला. "उभे राह्यले तं पेटी वाचंल, तुमी नाई."

वकील बसले.

पलीकडे धानाची कापणी चालू होती. गडचिरोलीकरांनी आधी जेवायला घातलं. भात, वांग्याची भाजी, लाखोरीचे वडे (लाख या कडधान्याचे) आणि पुन्हा भात. वकिलांना हा डावपेच वाटला. तसं सांगून त्यांनी आणखी वडे घेतले.

सामना शाळेच्या वर्गात, सतरंजीवर झाला. तीन डावांपैकी एक आम्ही जिंकला, एक त्यांनी, एक बरोबरीत सुटला. उरला माझा. माझ्यासमोर गावचे जुने मालगुजार (जमीनदार), शेजारी पानाचा डबा, आणि तोंड सतत चालू.

"काऊन मास्तर, बी.ए.त हेच शिकवते का?"

"नाही भाऊ, हे शिंप्याकडे शिकलो."

"तरीच! नुसतं कापून राह्यले, शिवणं काई दिसत नाई."

बोलता बोलता त्यांचं एक प्यादं शेवटच्या रांगेत, घोड्याच्या घरात पोचलं. आपल्या देशी खेळात प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरी पोचेल तेच होतं. हे सामने मात्र विलायती नियमांनी होते. त्यांत कुठल्याही घरात वजीर घेता येतो. मालगुजारांनी सवयीने घोडा उचलला. वकिलांनी डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. पण नियम माहीत नसलेल्या माणसाला हरवून चाचांना नागपूर दाखवणं मला जमेना.

"भाऊ, इथे वजीर घेता येतो."

"माहीत हाय मले, वाचून दाखवलं आमच्या पोट्ट्याईनं. पण घोड्याच्या घरात वजीर काऊन बसवू? त्याले सोताचं घर नाई का?"

त्यांनी घोडा ठेवला. मी पटाकडे पाहिलं. घोड्याचा माझ्या राजाला शह होता आणि तिथूनच माझ्या वजिरावर मारा. राजा हलवला की वजीर गेला. त्यांनी वजीर घेतला असता तर शह बसला नसता आणि मला लढायला जागा होती. मालगुजारांना हे अजून दिसलं नव्हतं. त्यांनी आधी माझं तोंड पाहिलं, मग पट.

"अरे," ते म्हणाले, "शह हाय ना!"

परतताना डोंग्यात वकील नावाड्याने न सांगताच बसले, माझ्याकडे पाठ करून. मी दोन गोष्टींचा विचार करत होतो. डाव वाईट खेळलो का, आणि गप्प बसायला हवं होतं का? पहिल्याचं उत्तर चटकन 'हो' आलं. दुसऱ्याचं चांद्यापर्यंत शोधूनही 'हो' येईना. घरी पोचताच पत्र लिहिलं:

"आदरणीय चाचा, सलाम. आम्ही हरलो. नागपूर यंदा राहिलं. ज्यांनी मला हरवलं त्या मालगुजारभाऊंना मी सांगितलं की तुमच्यासमोर प्यादं घोड्याच्या घरापर्यंत पोचतच नाही. ते म्हणाले, 'मंग त्यालेच आण.' धान घरात आलं की ते मोकळे आहेत. देशी नियमांनी खेळतील. सगळं गाव पाहायला बसणार आहे. तुम्हाला न विचारता मी हो म्हणून आलो आहे."