ळ कुठे लपतो

बालवाडीच्या बाईंकडे प्रत्येक अक्षराची गोष्ट होती. फ मेणबत्त्या विझवत हिंडायचा, म्हणून तो म्हणताना तळहातावर फुंकर यायची. म तोंडात मध धरून बसलेला, ओठ उघडायलाच तयार नाही. आणि ढ? "तो हुशार आहे रे, उगाच नाव बदनाम झालंय बिचाऱ्याचं," असं बाई म्हणाल्या की पोरं खिदळायची.

ळची गोष्ट मात्र त्या सांगत नसत. फळ्यावर काढायच्या, एकदा म्हणवून घ्यायच्या आणि लगेच पुसायच्या.

ती गोष्ट त्यांनी फक्त घरात सांगितली होती. त्यांची लेक पाच वर्षांची झाली तरी 'बाळ'ला 'बाल'च म्हणायची. तिला मांडीवर घेऊन बाई सांगायच्या, "ळ भित्रा आहे. शब्दाच्या पुढे कधी उभा राहत नाही, टाळूच्या घळीत लपतो. त्याला शोधायला जीभ मागे न्यायची." लेक जीभ वळवायची, हसायची आणि पुन्हा 'बाल' म्हणायची. मग ताप आला, तो डोक्यात गेला, आणि बघता बघता ती गेली.

या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली. तरी वर्ग सुटल्यावर छोट्या खुर्च्या सरळ करताना बाईंना मागून 'बाल' ऐकू यायचं. मागे कुणी नसायचं. तरी त्या वळून बघायच्याच.

यंदा वर्गात टिकली नावाची बडबडी पोर आली. एका दुपारी मुलं मातीची अक्षरं करत होती. टिकलीनं आपला वेडावाकडा ळ कानाशी धरला आणि ती कुजबुजली, "भित्र्या, टाळूच्या घळीत लपलास ना?"

बाई तिच्यासमोर खाली बसल्या.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"ताईनं."

"कुठली ताई?"

"ती नाही का, ताप आलेली? ती आता नाहीये." एवढं सांगून टिकली पुन्हा माती मळायला लागली.

वर्ग सुटेपर्यंत खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

टिकलीची आई इस्त्रीचं दुकान सोडून तिला न्यायला आली. बाईंनी विचारताच तिचा चेहरा उतरला.

"मीच सांगितलं तिला, ताईची गोष्ट म्हणून. बाई, आम्ही तुमच्या मागच्या घरात राहायचो. मी आणि तुमची लेक जिन्याखाली खेळायचो. गाव सोडलं तेव्हा मीही एवढीशीच होते. आता परत आले, पण तुमच्या जखमेवरची खपली कशाला काढा, म्हणून बोलले नाही."

"तिनं तुला ही गोष्ट सांगितली?"

"गोष्ट काय, ळ तिनंच शिकवला मला. मीही 'शाला' म्हणायचे."

"अगं, पण तिला कुठे येत होता?"

"येत होता की, बाई. अगदी स्पष्ट. तिला तुमच्या वाढदिवसाला गंमत करायची होती. तोवर घरी मुद्दाम बोबडं बोलायची, आणि मला शपथ घातली होती."

बाई खिडकीजवळच्या त्या छोट्या खुर्चीवर बसल्या. वाढदिवसाला लेक तापानं फणफणली होती. त्या उशाशी बसल्या असताना ती काहीतरी पुटपुटली होती, पण बाईंनी "गप पड, दमशील" म्हणून तिच्या ओठांवर बोट ठेवलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं.

"नीट म्हणायची?" त्यानं विचारलं.

"नीट म्हणायची म्हणे."

दोघांना रडू आलं, आणि मधेच हसूही. "काय बेरकी पोर होती!" तो डोळे पुसत म्हणाला.

आता बाई वर्गात ळची गोष्ट सांगतात. सगळी पोरं एका सुरात 'बाळ' ओरडतात. पण एक आवाज नेहमी किंचित मागे राहतो, आणि बाई तो थांबेपर्यंत पुढचं अक्षर काढत नाहीत.